बाटलीकडून फुलपात्राकडे: घणसोलीतल्या १७ महिन्यांच्या मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

स्वरा (नाव आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत) तपासणीला आली तेव्हा १७ महिन्यांची होती. वजन ९.१ किलो, चालणं-बोलणं वयाप्रमाणे. घर नवी मुंबईत, घणसोलीच्या माथाडी वसाहतीत, वन रूम किचन. आई ऐरोलीला एका कंपनीच्या बॅक ऑफिसात, वडील रबाळे एमआयडीसीत तीन पाळ्यांमध्ये कामाला. वडिलांची आई नातीसाठी पाटणहून येऊन राहिलेली. आजींना गुडघेदुखी असल्याने पूर्ण दिवस मागे धावणं झेपत नाही, म्हणून सकाळी १० ते ४ पाळणाघर, मग आजी.

बाटली घरात आली ती ठरवून आली नाही. पहिल्या दोन बाळंतपणांना २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती संपली त्याच महिन्यात स्वराचं उष्टावण झालं, त्याच महिन्यात आई कामावर रुजू झाली आणि त्याच महिन्यात बारशाला भेट आलेल्या दोन बाटल्या खोक्यातून बाहेर निघाल्या. (१९९२ च्या कायद्याने दूध पाजायच्या बाटल्यांची जाहिरात बंद आहे. तरी आहेर म्हणून त्या घरोघरी पोचतातच.) सुरुवातीला बाटलीत आईचं काढलेलं दूध असे, नंतर पावडरचं आलं. नवव्या महिन्यात अंगावरचं दूध सुटलं आणि वर्ष पूर्ण झाल्यावर पिशवीतलं फुल क्रीम दूध सुरू झालं.

उष्टावणात मामाने दिलेली चांदीची वाटी मात्र कपाटातच राहिली.

अडचण

तक्रार एकच होती: "काही खातच नाही." वरणभाताचे दोन घास, अर्धी पोळी कुस्करून, तीही टीव्हीसमोर. शी घट्ट, दोन-दोन दिवस होत नव्हती.

आईने तीन दिवस डायरी ठेवली. तिच्यातला एक नेहमीचा दिवस असा: सकाळी साडेसहाला उठल्याउठल्या २१० मिली. पाळणाघरात ११ वाजता १८० आणि ३ वाजता १८०. संध्याकाळी ७ ला आई आली की १५०. रात्री साडेनऊला झोपताना २४०, त्यात दोन बिस्किटं कुस्करलेली. रात्री १ च्या सुमारास १२०, पहाटे ४ ला ९०. बेरीज ११७० मिली.

फुल क्रीम दुधाच्या १०० मिलीत साधारण ८६ कॅलरी धरल्या तर हे १००० कॅलरीच्या आसपास जातं. १ ते ३ वर्षांच्या मुलाची दिवसभराची गरजही साधारण तेवढीच. म्हणजे मुलगी जेवत नव्हती कारण तिचं जेवण बाटलीतूनच उरकलेलं होतं. तिला भूक लागेल कुठून? शिवाय तीन बाटल्यांत चहाचा एकेक चमचा साखर पडत होती.

या हजार कॅलरीत लोह मात्र नावालाच. लिटरभर दुधात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह असतं आणि या वयाला रोज ८ मिलिग्रॅमची शिफारस आहे. त्यात दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन इतर अन्नातल्या लोहाचं शोषणही अडवतात. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ८.८ ग्रॅम आलं, तांबड्या पेशी लहान, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) कमी. आपल्याकडे अशा रिपोर्टमागे थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा आनुवंशिक दोषही असू शकतो. बालरोगतज्ज्ञांनी तो तपासून बाजूला काढला आणि मगच लोहाची कमतरता नक्की केली. ती घेतल्याशिवाय राहू नये अशी ही पायरी आहे, कारण नुसतं हिमोग्लोबिन पाहून सहा-सहा महिने लोहाचे थेंब चालू राहिलेली मुलं दिसतात. तसं पाहता ही काही एकट्या स्वराची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ६ महिने ते ५ वर्षांची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली.

दुसरी गोष्ट दातांची. वरच्या चारही पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढावी तशी पांढुरकी रेघ. दात किडायची ही पहिली खूण. खालचे दात स्वच्छ होते, आणि तीही बाटलीचीच खूण: चोखताना जीभ आणि निपल मिळून खालच्या दातांना झाकतात, दूध वरच्या दातांमागे साचतं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ते धुतलं जात नाही. या टप्प्यावर फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) आणि रात्रीचं दूध बंद, एवढ्यावर रेघ थांबू शकते, मागेही जाऊ शकते. तपकिरी खड्डा पडला की नाही.

बाटली हातात घेऊन पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. निपलचं भोक ब्लेडने फुलीसारखं कापलेलं होतं, बिस्किटाचा लगदा उतरावा म्हणून. कडा दाताने चावून फाटलेल्या, एक तुकडा लोंबत होता. असा तुकडा तुटून घशात अडकू शकतो. दुसरं काहीही ठरायच्या आधी ते निपल त्याच दिवशी टाकायला सांगितलं.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

तपासणीच्या दोन आठवडे आधी आईने स्वतःहून एकदा प्रयत्न केला होता. एका शनिवारी सगळ्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या आणि व्हॉल्व्ह असलेला, न सांडणारा टोपीचा पेला आणला. दिवस निभावला. रात्री १ वाजता स्वरा उठली ती अडीच तास रडली. भिंतीला भिंत लागलेली घरं, शेजारी पहिल्या पाळीला जाणारे. आजी म्हणाल्या, "लेकरू उपाशी रडतंय आणि आपण ऐकत बसायचं? माझ्याच्यानं न्हाय व्हायचं." साडेतीनला वडील रात्रभर उघड्या असलेल्या मेडिकलमधून नवी बाटली घेऊन आले.

एकदम बंद करणं ही पद्धत मुळातच वाईट, असं नाही. काही मुलं तीन-चार दिवसांत ती पचवतात. इथे ती तीन कारणांनी फसली. पेल्यातून पिण्याचा सराव शून्य होता. दिवसाचं जेवण वाढलेलं नसताना रात्रीचं दूध तोडलं, त्यामुळे रडण्यामागे खरोखरची भूक होती. आणि आजी व पाळणाघरवाल्या काकू, दोघींनाही आधी काही सांगितलेलंच नव्हतं. वर, अडीच तास रडलं की बाटली येते, एवढं मात्र स्वरा त्या रात्री पक्कं शिकली. पुढे तेच सगळ्यात महागात पडलं.

बाटली कुठली कामं करत होती

योजना आखण्याआधी डायरीतल्या सातही बाटल्यांपुढे एकच प्रश्न लिहिला: ही बाटली बंद झाली तर घरात काय अडेल?

सकाळची बाटली आईला डबे भरायला २० मिनिटं देत होती. ११ ची बाटली पाळणाघरात साफसफाईच्या वेळी मुलांना गादीवर आडवं ठेवत होती. तिथे नऊ मुलं आणि सांभाळायला दोघी, त्यामुळे काकूंची अडचण खरी होती. ३ ची बाटली झोपेतून उठल्यावरचं रडणं थांबवायला. ७ ची बाटली म्हणजे दिवसभराने आई भेटल्याची. साडेनऊची झोपवायला, १ आणि ४ च्या पुन्हा झोपवायला. निव्वळ भुकेची म्हणावी अशी बाटली सातांत दीडच होती.

म्हणून प्रत्येक वेळी दुधाच्या जागी दूध देऊन भागणार नव्हतं. प्रत्येक बाटलीचं काम दुसऱ्या कशावर तरी सोपवायला हवं होतं.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय दुधात हळूहळू पाणी वाढवत नेण्याचा. वर्षाच्या पुढच्या मुलाला, साध्या दुधात, तो चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पावडरच्या दुधात जास्तीचं पाणी कधीही घालायचं नाही. त्याने पोषण कमी पडतं आणि रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. स्वराच्या बाबतीत अडचण वेगळी होती: आजींना "पाणीदार दूध" पटणार नव्हतं आणि त्या गुपचूप साखर वाढवतील, ही शक्यता आईनेच बोलून दाखवली. त्यामुळे घट्टपणा तोच ठेवून माप कमी करायचं ठरलं.

दुसरा, तोच व्हॉल्व्हचा पेला. सोय मोठी, लादी कोरडी राहते. पण त्यातून दूध यायला बाटलीइतकंच जोर लावून चोखावं लागतं, मूल तो धरून लोळत पितं, म्हणजे सवय तीच आणि भांडं नवं. आणलेल्या पेल्याचा व्हॉल्व्ह उपसून पाहिला तर दोन आठवड्यांतच खालच्या खाचेत काळे ठिपके धरलेले. हा पर्याय सोडला. बाजारात याला मधली पायरी म्हणून विकतात, पण मधली पायरी म्हणून आलेला हा पेला तीन वर्षांपर्यंत सुटत नाही, असं वारंवार दिसतं.

तिसरा उघडा पेला, चौथा साध्या स्ट्रॉचा, व्हॉल्व्ह नसलेला. घरी उघडा पेला आणि पाळणाघरात स्ट्रॉ, अशी विभागणी झाली. काकूंना एका वेळी एकाच मुलाचा पेला धरून बसणं शक्य नव्हतं, आणि जे त्यांना जमणार नाही ते कागदावर लिहून उपयोग नव्हता.

खरा पेच क्रमाचा होता. दंतवैद्यांचं म्हणणं, रात्रीचं दूध आधी बंद करा, दात थांबणार नाहीत. बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं, दिवसाच्या बाटल्या आधी, म्हणजे भूक जागेवर येईल, जेवण वाढेल आणि रात्री पोट खरंच भरलेलं असेल. दोघांचंही बरोबर. शेवटी दिवस आधी ठरला, पण दोन अटींवर: साखर आणि बिस्किट बाटलीतून ताबडतोब बाहेर, आणि रात्रीच्या प्रत्येक दुधानंतर ओल्या मऊ फडक्याने वरचे दात पुसायचे.

आजींना सांगणं

पहिल्या वेळी राहिलेली गोष्ट या वेळी आधी केली. आजींना तपासणीला बरोबर बोलावलं. डॉक्टरांनी आकडे सांगत बसण्यापेक्षा स्वराची खालची पापणी ओढून दाखवली, आतला भाग फिकट, जवळजवळ पांढरा. मग तिचा तळवा आजींच्या तळव्याशेजारी ठेवला. आजी बराच वेळ दोन्ही हात बघत राहिल्या. मग त्याच म्हणाल्या, "आमच्या वेळेला बाटली कुठं होती? बोंडल्यानं पाजलं की चारी पोरांना."

बोंडलं, म्हणजे चोच असलेलं लहान भांडं, या वयाला लागणार नव्हतं. पण मांडीवर उभं धरून, घोट-घोट, घाई न करता पाजण्याचं कसब आजींच्या हातात होतं. त्या दिवसापासून पेल्याचं शिकवणं त्यांच्याकडे गेलं. या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला निर्णय हाच.

काय केलं

सुरुवात वडिलांची पहिली पाळी असलेल्या आठवड्यात केली, म्हणजे रात्री वडीलही घरी.

१ ते ५ दिवस: एकही बाटली कमी केली नाही, फक्त शिकवलं. स्टीलचं लहान फुलपात्र, साधारण ६० मिलीचं, कडेला पातळ ओठ असलेलं. पाण्याऐवजी आधी किंचित दाट ताक, कारण पातळ पाणी तोंडात झपकन येतं आणि ठसका लागतो. दाट पदार्थ सावकाश येतो, मुलाला ओठ मिटायला वेळ मिळतो. वेळ जेवणाच्या मध्यावर, म्हणजे फार भूकही नाही आणि पोटही भरलेलं नाही.

पाजायची रीत अशी. मूल ताठ बसलेलं, पाय टेकलेले. फुलपात्राची कड खालच्या ओठावर टेकवायची, दातांच्या आत घालायची नाही. पेला एवढाच कलता करायचा की ताक वरच्या ओठाला लागेल. तिथेच थांबायचं, ओतायचं नाही. मूल स्वतः ओढून घेतं. दोन घोटांनंतर पेला सरळ, श्वास घेऊ द्यायचा.

इथे एक चूक जवळपास प्रत्येक घरात होते, इथेही झाली. सांडेल म्हणून आईने मोठ्या पेल्याच्या तळाशी एकच घोट घेतला. तो घोट ओठांपर्यंत यायला पेला जवळजवळ उलटा करावा लागला, मुलीची मान मागे गेली, सगळं एकदम घशात उतरलं आणि जोराचा ठसका लागला. भांडं लहान घ्यावं आणि दोनतृतीयांश भरावं. मग थोडं कललं तरी पुरतं. सुरुवातीला अधूनमधून ठसका लागणं ठीक आहे. दर घोटाला ठसका, प्यायल्यावर घरघरता आवाज किंवा नाकातून दूध येणं असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

दुसरी गंमत तिसऱ्या दिवशी कळली. ताक आवडीने पिणारी स्वरा फुलपात्रातल्या दुधाला तोंड लावेना. दूध बाटलीतल्याइतकंच गरम होतं, पण स्टीलची कड प्लास्टिकपेक्षा लवकर तापते आणि ओठाला चटका बसत होता. आजींनी कड स्वतःच्या ओठाला लावून पाहिली तेव्हा लक्षात आलं. तेव्हापासून आधी दुसऱ्या भांड्यात निववून मग फुलपात्रात.

पाळणाघरात स्ट्रॉ शिकवली ती वेगळ्या पद्धतीने. स्ट्रॉ ताकात बुडवायची, वरचं टोक बोटाने दाबून धरायचं, खालचं टोक मुलाच्या ओठांत देऊन बोट सोडायचं. थेंब तोंडात उतरतो. चार-पाचदा झालं की मूल ओठ मिटून ओढू लागतं. स्ट्रॉ लांब असेल तर कापून घ्यावी, तिचं फक्त टोक ओठांत राहायला हवं. पेल्याबरोबर स्ट्रॉ धुवायचा बारीक ब्रश, दोन जास्तीचे कपडे आणि दोन पंचे घरून दिले. काकूंचा विरोध लादी पुसण्याला होता, पेल्याला नव्हता.

६ वा दिवस, ११ ची बाटली बंद: जागी केळं किंवा चिकू आणि स्ट्रॉने ताक. साफसफाईच्या वेळी स्वरा पाटावर बसून खाऊ लागली, काकूंची वेळ निभावली. इतर मुलं पेल्यातून पीत होती, त्यामुळे हा बदल सगळ्यात सोपा गेला.

८ वा दिवस, ३ ची बंद: १०० मिली दूध स्ट्रॉने, सोबत नाचणीचं सत्त्व चमच्याने. काकूंनी अडीअडचणीला एक जुनी बाटली फडताळात ठेवली होती. नवव्या दिवशी स्वराने ती पाहिली आणि पूर्ण दुपार तिच्याखाली उभी राहून रडली. बाटल्या नजरेआड म्हणजे प्रत्येक ठिकाणी नजरेआड.

१० वा दिवस, ७ ची बंद: ही आईच्या भेटीची बाटली होती, तिच्या जागी खाणं देऊन भागलं नसतं. आईने चप्पल काढल्यावर दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून नुसतं मांडीवर घेऊन बसायचं ठरलं. जेवण साडेआठवरून साडेसातला आणलं. त्या दिवशी स्वराने पहिल्यांदा वाटीभर वरणभात संपवला.

जेवणात लोह यावं म्हणून अंडं रोज अर्धं, आठवड्यातून दोनदा चिकनची कलेजी एक-दोन लहान चमचे वाटून, वरणात लिंबाचे थेंब, लाडवात अळीव. गुळाने रक्त वाढतं हा समज फार खोलवर आहे. गुळातलं लोह इतकं थोडं असतं की त्यावर विसंबून राहता येत नाही आणि दातांना तो साखरच. औषधाचे थेंब डॉक्टरांनी वजनावरून ठरवले. ते दुधाबरोबर द्यायचे नाहीत, मध्ये किमान तासाभराचं अंतर ठेवायचं, ड्रॉपर गालाच्या आत मागच्या बाजूला धरायचा म्हणजे दात काळे पडत नाहीत. शी काळपट होते, घाबरायचं कारण नाही.

मध्येच अडलं

१२ व्या दिवशी ताप आणि जुलाब. पावसाळा होता, पाळणाघरातली तीन मुलं आजारी पडली होती. आजींनी घाबरून पुन्हा बाटली काढली आणि साखरपाणी भरून दिलं. नुसत्या साखरपाण्याने जुलाब वाढतात. बालरोगतज्ज्ञांनी फोनवर ओआरएस द्यायला सांगितलं, तेही चमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. ओआरएस बाटलीतून घटाघटा गेलं तर उलटून पडतं. चमचा किंवा पेलाच त्याला योग्य. पाकिटावर लिहिलेलं पाण्याचं माप तंतोतंत पाळायचं. सहा तास लघवी नाही, तोंड कोरडं, मूल मलूल अशी चिन्हं दिसली असती तर थेट रुग्णालय गाठायचं होतं. तशी वेळ आली नाही.

आजारपणात पुढची बाटली तोडायची नाही, पण सुटलेल्या बाटल्या परतही द्यायच्या नाहीत, असं ठरलं. तोवर चारवर आलेल्या बाटल्या परत पाचवर गेल्या होत्या. गाडी रुळावर यायला सात दिवस गेले.

१९ वा दिवस, सकाळची बंद: १५० मिली फुलपात्रातून, ओट्याशेजारी आपल्या खुर्चीत बसून, आई डबे भरत असताना. पहिले दोन दिवस निम्मं सांडलं. ओट्याजवळ जुनी चादर अंथरली, काम झालं.

२१ व्या दिवसापासून रात्र. १ च्या बाटलीत १२० चं ९०, दोन रात्रींनी ६०, मग ३०, मग काही नाही. ४ च्या बाटलीतही तसंच, दर दोन रात्रींनी ३० कमी. उठल्यावर आईऐवजी वडील जात, कारण आई दिसली की बाटलीची आठवण येते. थोपटायचं, उचलायचं नाही, तहान लागली तर फुलपात्रातून पाणी. २५ व्या रात्री ती ४० मिनिटं रडली. वडील शेजारी बसून राहिले, बाटली काढली नाही. पुढच्या रात्री १० मिनिटं.

२९ वा दिवस, झोपतानाची शेवटची: दूध आणि झोप यांची गाठ सोडवली. पावणेनऊला स्वयंपाकघरात, दिवा लावलेला असताना, १५० मिली फुलपात्रातून. मग भाताच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून दात घासणं. मग अंथरूण, आजींचं थोपटणं आणि दोन बडबडगीतं. पाच रात्री ती "दुदू" म्हणून कुरकुरली, सहाव्या रात्री गाणं संपायच्या आत झोपली.

निकाल

बाटल्या सुटल्या त्या ३४ व्या दिवशी. पण त्याआधीचे दहा-बारा दिवस आईसाठी सगळ्यात कठीण होते, कारण दूध ११७० वरून एकदम २२० मिलीवर घसरलं होतं. ही घसरण जवळपास प्रत्येक मुलात येते आणि नेमकी तिथेच घरं माघार घेतात. इथे आईला हिशेब लिहून दिला. या वयाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे, १०० मिली दुधात साधारण १२० असतं. दुधाचे २६०, वाटीभर दह्याचे सव्वाशे, उरलेलं नाचणीचं. पोट उपाशी नाही हे पाहायला ओल्या लंगोटांची मोजणी: दिवसाला पाच-सहा भरत होत्या. तीन आठवड्यांत दूध ३५० ते ४०० वर स्थिरावलं. ठरवलेलं लक्ष्यही तेच होतं.

वजन पहिल्या महिन्यात १०० ग्रॅमने उतरलं, त्यात जुलाबांचाही वाटा होता. तिसऱ्या महिन्याअखेर ९.७ किलो. हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी १०.१, म्हणजे औषध लागू पडत असल्याची खूण, आणि तीन महिन्यांनी ११.४. शरीरातला साठा भरावा म्हणून थेंब पुढे आणखी दोन महिने चालू ठेवले. शी रोज होऊ लागली. दोन दातांवरची रेघ फिकट झाली, दोन दातांवर आहे तेवढीच राहिली. वार्निशचा दुसरा हात तीन महिन्यांनी दिला.

वेगळं काय करता आलं असतं

रात्रीचं दूध तारखेला बांधायला हवं होतं. "दिवसाच्या बाटल्या सुटल्यावर रात्र" असं ठरल्यामुळे जुलाबाने लांबलेला आठवडा दातांच्या खात्यात गेला. चौदाव्या रात्री, मुलगी बरी होताच, सकाळच्या बाटलीची वाट न बघता रात्रीचं माप उतरवता आलं असतं. दोन दातांवरची जी रेघ राहिली तिच्यामागे हे एक कारण असू शकतं.

आजारपणात काय करायचं हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून फ्रीजवर लावलं असतं तर आजींच्या हाती साखरपाण्याची बाटली गेली नसती. पावसाळ्यात, पाळणाघरातल्या मुलाच्या बाबतीत, पाच आठवड्यांत एक आजारपण येणारच असं धरून चालावं.

रक्ततपासणी १७ व्या महिन्यापर्यंत थांबायला नको होती. अॅनिमिया मुक्त भारत योजनेत ६ महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप दिलं जातं, तेही या घरापर्यंत पोचलं नव्हतं. लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत वजन झालं, पण दिवसाला किती दूध पिते हा प्रश्न कुणी विचारला नाही, नवव्या महिन्यात नाही आणि पंधराव्यातही नाही.

आणि सुरुवात उष्टावणापासून. सहा महिन्यांचं बाळ मांडीवर बसून लहान वाटीतून दोन घोट पाणी घेऊ शकतं. तेव्हा ते बाटली चोखण्याइतकंच नवं असतं, त्यामुळे हट्ट नसतो. वर्षाचं होईपर्यंत दिवसातलं एक दूध पेल्यातून घ्यायची सवय लागली असती तर उरलेलं सोडवायला पाच आठवडे लागले नसते. त्याच पाळणाघरात आता नऊ महिन्यांचा एक मुलगा आला आहे. काकूंनी त्याच्या आईकडून बाटलीबरोबर एक फुलपात्रही मागून घेतलं. स्वराची चांदीची वाटी आजींनी कपाटातून काढली, चिंचेने घासली, आणि रात्रीचं दूध आता त्यातून होतं.